मे महिन्यात मिळणारं औषध

घोडीच्या ताज्या दुधानं अन्ननलिकेचा कॅन्सर हटतो आणि रोग्याचं आयुष्य दुपटीहून जास्त वाढतं, हे विज्ञानानं आता निर्विवादपणे सिद्ध केलं आहे. बोझकोल गावच्या मेजवानीगृहाच्या दारावर टांगलेल्या निळ्या कापडावर तसं सोनेरी अक्षरांत लिहिलंच होतं. ते सिद्ध करणारं विज्ञान त्या वेळी आत मानाच्या जागी बसून मेंढीच्या उकडलेल्या मुंडक्यावरचं गालाचं मांस सुरीनं सोलत होतं.

या विज्ञानाचं नाव प्रोफेसर झुमाकान. मूळ विषय पाटबंधारे. पण शेवटी पाणी काय, दूध काय, वाहतं ते वाहतं, असा त्यांनी व्यापक विचार केला असावा.

नोव्हेंबर महिना होता. कळप डोंगरकुरणांवरून खाली आले होते, हिवाळ्यासाठीची जनावरं कापून घोड्याचं मांस कोठारात टांगून झालं होतं आणि उन्हाळाभर अंगावर काढलेली दुखणी आठवायला लोकांना आता सवड झाली होती. दरसाल याच दिवसांत जिल्ह्याच्या दवाखान्यापुढे रांग लागे, आणि त्या रांगेतून ज्यांना प्रांताच्या कॅन्सर हॉस्पिटलात धाडत, ते तिथून येताना वाटेत बोझकोलला उतरत. ओराझअली-अताकडे.

अता म्हणजे आजोबा. ओराझअलीचं वय बावन्न, स्वतःला एकही नातू नाही, पण सगळ्या तालुक्याचा तो आजोबा झाला होता. आधी दहा-बारा वर्षं तो पेट्रोलचा टँकर चालवायचा. मग एका रात्री त्याची खापरपणजी स्वप्नात आली आणि म्हणाली, ‘टँकर सोड, घोड्या पाळ.’ खापरपणजीला टँकर हा शब्द कसा माहीत, हे कुणी विचारलं नाही. अता पैशाला हात लावत नसे. मेंढीला लावत असे.

“माणूस किती प्रकारचा पाला खातो?” अता मंचावरून विचारत होता. “कांदा! बटाटा! फार झालं तर कोबी! आणि माझी घोडी? तीनशे वनस्पती खाते! तीनशे! मग औषधाचं दुकान कुठं आहे, सांगा? शहरात का घोडीच्या पोटात?”

“पोटात!” लोक ओरडले.

“डॉक्टर काय म्हणतो? घरी न्या म्हणतो! आणि घोडी काय म्हणते?”

घोडी काय म्हणते हे लोकांना पाठ होतं. “जग म्हणते!”

आणि मग तो चमत्कार झाला. मंचावर सतरा माणसं येऊन बसली. बायका, बाप्ये, एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. सगळी अन्ननलिकेच्या कॅन्सरची. ज्यांच्या घशाखाली एके काळी पाणी उतरत नव्हतं अशी. त्यांच्यापुढे बेशबारमाकची, म्हणजे उकडलेलं मांस आणि कणकेच्या पट्ट्यांची, ताटं ठेवली गेली आणि ती सतरा माणसं शेकडो लोकांसमोर बोटांनी मांस उचलून खाऊ लागली.  लोक घास चावताना बघत नव्हते, गिळताना बघत होते. पहिला घास उतरला तशी मागं कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली.

तिसऱ्या टेबलावर बसलेल्या कुंदिझनं मात्र हातातला बौरसाक, तो तळलेला पाव, खाली ठेवला आणि डोळे बारीक केले. नाटकवाले आहेत, तिला वाटलं. भाड्यानं आणलेत.

कुंदिझ प्रांताच्या कॅन्सर हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसे, हातात सुई नसे. कुठल्या गावात किती जणांना कॅन्सर होतो, का होतो, कळल्यावर माणूस किती दिवस जगतो, याचा हिशेब मांडणं हे तिचं काम. गावात याला कुणी डॉक्टरकी मानत नव्हतं. “आमची कुंदिझ मेलेली माणसं मोजते,” असं तिचा मेहुणा सेयिलखान लग्नाकार्यात पाहुण्यांना सांगे, आणि पाहुणे जरा सरकून बसत.

प्रोफेसर झुमाकान तोंड पुसून उभे राहिले. “मित्रहो, भावनेत वाहून जाऊ नका,” ते म्हणाले. “विज्ञान आकड्यांत बोलतं. हॉस्पिटलच्या स्वतःच्या अहवालाप्रमाणे, या रोगाचं निदान झाल्यावर रोगी सरासरी आठ महिने जगतो. आणि अतांचं दूध प्यायलेला? एकोणीस महिने! आठ आणि एकोणीस! मी नाही म्हणत. गणित म्हणतं.”

कुंदिझचे कान तापले. तो आठाचा आकडा तिचाच होता. तिनंच गेल्या वर्षीच्या अहवालात छापला होता.

ती वळून शेजारी बघते तर तिची थोरली बहीण बातिमा डोळ्यांची पापणी न हलवता मंचाकडे बघत होती. मंचावरचा म्हातारा दुसरा घास गिळत होता, आणि बातिमाचा गळा त्याच्याबरोबर हलत होता.

*

ऑगस्टपासून बातिमाला मांस अडकत होतं. कुंदिझला ते एका जेवणात नुसतं बघून समजलं. तिनं बहिणीला गाडीत घालून नेलं, घशातून नळी घालून तपासलं आणि रोग अगदी कोवळा असताना पकडला. हे आमच्या भागात क्वचित घडतं. सर्जन म्हणाले, लगेच शस्त्रक्रिया केली तर चांगली आशा आहे. मंगळवारची तारीख मिळाली होती.

घरच्यांनी ठरवलं होतं की बातिमाला रोगाचं नाव सांगायचं नाही. सगळ्या बोझकोलला माहीत होतं, तिला सोडून. आणि बातिमालाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण घरचे एवढ्या कष्टानं लपवताहेत तर त्यांचा विरस कशाला करा, म्हणून ती गप्प होती. मेजवानीहून घरी आल्यावर मात्र तिनं चहा ओतता ओतता सरळ विषय काढला.

“मी रविवारी गाठ बांधायला जाणार.”

सेयिलखान चमकला. “कसली गाठ? तुला काय झालंय? थोडी जळजळ तर आहे.”

“हो, जळजळ आहे. त्याला दुसरं नावही आहे. तुम्ही गोठ्यात फोनवर ओरडून सांगता ते मेंढ्यांनासुद्धा पाठ झालंय.”



गाठ म्हणजे अताच्या अंगणातल्या घोड्याच्या केसांच्या दोरीला रोग्यानं स्वतःच्या हातानं मारायची गाठ. नोव्हेंबरात मारायची. घोड्या वसंतात व्यायल्या की मे महिन्यात दूध सुरू होई, तेव्हा अता मंत्र म्हणून गाठ सोडी आणि पहिला वाडगा हातात देई. मधल्या काळात एकच पथ्य. देहाला लोखंड लावायचं नाही. सुरी लागलेल्या देहाला दूध ओळखत नाही, अता सांगे.

“अपा,” कुंदिझ थोरल्या बहिणीला म्हणाली, “मेपर्यंत थांबलात तर हा रोग थांबणार नाही. आज तो नखाएवढा आहे. मे महिन्यात सर्जन पोट उघडून काहीच न करता परत शिवतील.”

“आणि मंगळवारी उघडलं नि मी टेबलावरच गेले तर? त्या शाळेतल्या शिपायाच्या बायकोचं काय झालं?”

“ती उशिरा आली होती.”

“तुमच्याकडं जो मरतो तो उशिराच आलेला असतो.” बातिमानं वाडगा पुढे सरकवला. चहा उकळता होता. “अगं, ते सतरा जण माझ्यासमोर मांस खात होते. तू सतरा जण दाखव.”

“ते नाटकवाले आहेत.”

“कोषेरबाय नाटकवाला? नालबंद कोषेरबाय? त्याला लग्नात दोन शब्द बोल म्हटलं तर घाम फुटतो.”

“आणि तुझा चहा गार होतोय,” सेयिलखान मध्येच म्हणाला. “गेली वीस वर्षं ही पोरगी आमच्या घरात बसून चहा गार करते. लोक म्हणतात, सेयिलखानच्या बायकोला चहा करता येत नाही.”

“झेझ्दे,” ती मेहुण्याला म्हणाली, “उकळत्या चहानंच घसे जळतात आपल्याकडे. वर्षानुवर्षं.”

“माझा आजा नव्वद वर्षं असाच प्यायला.”

“आणि आजाचे भाऊ?”

सेयिलखान जरा आठवू लागला आणि मग त्यानं विषय बदलला.

*

शनिवारी कुंदिझ कोषेरबायकडे गेली. खोटेपणाचं एखादं टोक सापडलं की सगळा लोकरीचा गुंडा उलगडेल, अशी तिला खात्री होती. एक तर याला कॅन्सर झालेलाच नसणार, नाहीतर हा तो कोषेरबायच नसणार.

तो तोच होता. तिला पाहिल्याबरोबर त्यानं शर्ट वर करून पाठीवरची, किरणांचा शेक देताना मारलेली निळी खूण दाखवली. दोन वर्षांपूर्वी तिच्याच हॉस्पिटलात त्याचं निदान झालं होतं. तिच्याच खात्यानं त्याचं नाव नोंदलं होतं.

“शेक दिला होता ना तुम्हाला आमच्याकडे?” ती म्हणाली.

“दिला होता. त्यानं तोंडाची चव गेली. दुधानं आली.”

“आणि घशातली गाठ शेकानं सुकली, असं नाही वाटत?”

“डॉक्टरीणबाई,” कोषेरबाय समजुतीच्या सुरात म्हणाला, “शेक दिला तेव्हा मी मरायला टेकलो होतो. दूध दिलं तेव्हा मी घोड्यावर बसून गेलो होतो. आता तुम्हीच सांगा, कुणाला मानू?”

म्हणजे आधीच बरा होऊन घोड्यावर बसून गेला होता, असं कुंदिझच्या जिभेवर आलं. पण त्यानं तोवर उकळता चहा पुढे केला होता आणि त्याची बायको दारात उभी राहून तिच्याकडे अशी बघत होती, की जणू ती नवऱ्याचं आयुष्य परत न्यायला आली आहे.

आणखी दोन घरं झाली. तीही माणसं खरी, रोग खरा, जगणंही खरं. संध्याकाळी कुंदिझ परतली तेव्हा तिचा संशय होता तेवढाच होता, फक्त त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती. आठाचा आकडा तिचा. एकोणीसचा आकडा खोटा म्हणावा, तर तो खाऊन-पिऊन, शर्ट वर करून दाखवत होता. लबाडी पकडायला यावं आणि लबाडानं सगळं खरंच सांगितलेलं असावं, यासारखी पंचाईत नाही.

रात्री सगळे जेवायला बसले. बातिमानं रविवारसाठी पेटीतून पांढरा रुमाल काढून ठेवला होता.

“शाळेच्या बसवाल्या इझबासारनं गेल्या साली असाच रुमाल नेला होता,” सेयिलखान म्हणाला. “बिचारा. मलाच सांगून गेला होता गाठ बांधायला. बस मीच चालवली त्या दिवशी त्याच्याऐवजी.”

कुंदिझनं मान वर केली. “इझबासारनं गाठ बांधली होती?”

“मग? पहिल्याच दिवशी. चांगली दुहेरी.”

“आणि?”

“आणि काय, फेब्रुवारीत गेला. मातीला तूच आली होतीस की. जमीन एवढी गोठली होती की टायर जाळून खणावी लागली.”

“मग काल मंचावर त्याच्याबद्दल कुणी काहीच कसं बोललं नाही?”

सेयिलखाननं तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. एवढी शिकलेली बाई. “कुंदिझ, मेलेला माणूस मेजवानीला कसा येईल?”

कुंदिझनं ताट बाजूला सारलं आणि आपल्या नोंदी काढल्या.

*

रविवारी अताच्या अंगणात बर्फ तुडवून तुडवून चिखल झाला होता. मधोमध पांढरी घोडी, गळ्यात निळे मणी. तिच्यासमोर दोन खांबांना बांधलेली केसांची दोरी. अताच्या अंगावर जरीचा झगा, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. बाजूला प्रोफेसर, नाकाचा शेंडा लाल झालेला.

बातिमाची पाळी आली तशी कुंदिझ तिच्या पुढे जाऊन उभी राहिली.

“अता, एक विचारू?”

“विचार की, पोरी. शास्त्राला आम्ही भीत नाही. शास्त्र आमच्या घरी जेवतं.” लोक हसले. प्रोफेसरांनीही मान लववली.

“गेल्या साली या दोरीला इझबासारनं गाठ मारली होती. ती मे महिन्यात कुणी सोडली?”

अताचा चेहरा चटकन दुःखी झाला. त्याला ते चांगलं जमायचं. “इझबासार! सोन्यासारखा माणूस! त्याला दूध मिळालं असतं ना, तर आज तो इथं उभा असता. पण दुधाआधीच गेला. थेंब पोटात गेला नाही बिचाऱ्याच्या.”

“म्हणजे तो तुमच्या एकोणीस महिन्यांच्या हिशेबात नाही.”

“कसा असेल?” प्रोफेसर पुढे आले. “ज्यानं औषध घेतलं नाही, तो औषधाच्या हिशेबात धरणं अशास्त्रीय आहे. त्याला हॉस्पिटलचाच रोगी धरावा लागतो.”

“बरोबर. मी त्याला हॉस्पिटलच्या हिशेबात धरलाय. माझ्या आठ महिन्यांत तो आहे.”

“बघा!” प्रोफेसर लोकांकडे वळले. “त्या स्वतःच कबूल करताहेत!”

लोकांत कुजबूज झाली. बातिमानं कुंदिझची बाही ओढली. “पुरे झालं. चारचौघांत शोभा नको.”

पण कुंदिझ आता अताकडे बघतच नव्हती. ती गर्दीकडे वळली. गर्दीत निम्मेअधिक धनगरच होते.

“झेझ्दे,” तिनं सेयिलखानला हाक मारली, “तुम्ही कोकरांच्या कानाला खूण कधी कापता?”

सेयिलखान बावचळला. बायकोच्या मरणाचा प्रश्न आणि ही कोकरांचं विचारतेय. “मेच्या सुमाराला. जरा पायावर ठरली की.”

“आणि जन्मतात कधी?”

“मार्चात. थंडीत.”

“जन्मलेल्यांपैकी मरतात किती?”

“वाईट साल असलं तर चारात एक. हिमवादळ आलं की त्याहून जास्त.”

“आणि कान कापल्यावर किती मरतात?”

“कान कापल्यावर? छे. क्वचित एखादं. लांडग्यानं नेलं तरच.”

“मग झेझ्दे, तुम्ही एवढे जुने धनगर, आणि एवढं साधं तुमच्या ध्यानात येत नाही?” कुंदिझचा चेहरा अगदी गंभीर होता. “कान कापलेलं कोकरू मरत नाही. न कापलेली पटापट मरतात. म्हणजे कान कापणं हे कोकरांवर औषध आहे. येत्या मार्चात जन्मल्या जन्मल्या सगळ्यांचे कान कापा. एकही मरणार नाही. आकडे सांगताहेत.”

 मग कुठूनतरी पहिलं हसू फुटलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. शहरात राहून पोरीचं डोकं गेलं, असं कुणीतरी म्हणालं.

“अगं बये,” मागून एक म्हातारा धनगर डोळे पुसत ओरडला, “मेलेल्या कोकराचा कान कोण कापत बसतो? जी मरायची ती मेपर्यंत मरूनच गेलेली असतात! जी उरली त्यांचाच आपण कान कापतो!”

“मग आजोबा,” कुंदिझ म्हणाली, “मेलेल्या माणसाला मे महिन्यात दूध कोण पाजतो?”

हसू एकदम थांबलं नाही. हसू असं थांबत नाही. ते पुढच्या रांगेत आधी थांबलं, मग मागच्या. सगळ्यात शेवटी तो म्हातारा गप्प झाला आणि त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

“नोव्हेंबरात निदान होतं,” कुंदिझ सांगू लागली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण आता मोठ्या आवाजाची गरज नव्हती. “या दोरीला गाठी पडतात. हिवाळ्यात तिघांतली दोघं जातात. ज्यांचा रोग जोरात, ती आधी जातात. ती सगळी माझ्या हिशेबात पडतात. मेपर्यंत जी उरतात, ती मुळातच चिवट, हळू रोगाची, नाहीतर शेक लागू पडलेली. त्यांना वाडगा मिळतो आणि ती अतांच्या हिशेबात जातात. निदानापासूनचे सगळे महिने धरून! म्हणजे दूध घ्यायच्या आधी जगलेला अख्खा हिवाळासुद्धा दुधाच्याच नावावर. जगला तर अतांचा, मेला तर हॉस्पिटलचा. अशा हिशेबात मी लोकांना मे महिन्यात गार चहा पाजला, तरी ती एकोणीस महिने जगतील.”

“हा आरोप आहे!” प्रोफेसर म्हणाले.

“नाही. हिशेब आहे. काल रात्री मीही मांडून पाहिला. माझे जे रोगी पहिला मे महिना बघतात आणि दुधाचा थेंब चाखत नाहीत, तेही सरासरी एकोणीस महिनेच जगतात. प्रोफेसरसाहेब, तुमचा आकडा खोटा नाही. तो फक्त दुधाचा नाही.”

प्रोफेसरांनी अताकडे पाहिलं. अतानं घोडीकडे पाहिलं. घोडीनं शेपटी उचलली आणि आपलं मत बर्फावर टाकलं.

अता मात्र सहज हार मानणारा नव्हता. टँकर चालवताना त्यानं याहून वाईट नाके पार केले होते. “पोरी, तू माणसांना कोकरं म्हणालीस,” तो दुखावल्या सुरात म्हणाला. “इथं श्रद्धा आहे. श्रद्धेनं इझबासारचा हिवाळा गेला. आशेवर गेला. ती तरी त्याच्याकडून घ्यायची होती का?”

“आशा घ्या ना, अता. कुणी आडवं येत नाही. दूधही द्या, गाठीही बांधा. पण ते लोखंडाचं पथ्य काढा. इझबासारचा रोग पुढे गेला होता, त्याला सुरीही वाचवू शकली नसती. पण माझ्या बहिणीला वाचवू शकते, आणि ती तुमच्या पथ्यापायी इथं रुमाल घेऊन उभी आहे.”

सगळे बातिमाकडे वळले. बातिमाला ते आवडलं नाही. ती दोरीजवळ उभी होती, हातात रुमाल, आणि दोरीवर पडलेल्या नव्या गाठींकडे बघत होती.

“गेल्या साली किती गाठी होत्या रे या दोरीला?” तिनं अताला विचारलं. अताला ‘रे’ म्हणणारी ती त्या वर्षातली पहिली.

“दोरी भरली होती, अपा. देवाची कृपा.”

“आणि परवा मंचावर, जुने-नवे धरून, सतरा.”



बातिमानं रुमालाची घडी घातली. “तुझं काय म्हणणं?” ती कुंदिझला म्हणाली. “मंगळवारी सुरी लावली तर मी जगेन? खरं सांग. मेंढ्यांचं नको, माझं सांग.”

या प्रश्नाला होय म्हणणं सोपं होतं. अतानं डोळे मिटून म्हटलं असतं. 

“अपा, तुमच्यासारख्या, एवढ्या लवकर आलेल्या दहा बायकांवर शस्त्रक्रिया केली, तर साधारण सहा जणी पाच वर्षांनी जिवंत असतात. चौघी नसतात. तुम्ही सहांतल्या की चारांतल्या, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. पण मेपर्यंत थांबलेल्या दहांतल्या पाच वर्षांनी किती उरतात, ते मला माहीत आहे, आणि ते तुम्हाला ऐकायचं नाही.”

“सहा.” बातिमानं विचार केला. “मी तुला वाढवली तेव्हा तू जगशील असं दहांतली एकही बाई म्हणत नव्हती. एवढीशी होतीस, मांजराएवढी.” मग ती नवऱ्याकडे वळली. “चला. गाडी गरम करा. माझी बॅग भरायची आहे.”

“आणि गाठ?” सेयिलखाननं विचारलं.

“तुम्हाला हौस असेल तर तुम्ही बांधा. जळजळ होते म्हणून सांगा.”

*

यावर एक शब्द स्पष्टपणे सांगायला हवा, कारण या गोष्टीत कुणी साखरेची गोळी औषध म्हणून विकली नाही, कुणी भाड्यानं रोगी आणले नाहीत, कुणी खोटा आकडा सांगितला नाही. सतराच्या सतरा माणसं खरी होती. लबाडी त्यांच्यात नव्हती. ती त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांत होती, आणि रिकामी खुर्ची मंचावर कुणी मांडत नाही. तेव्हा उद्या कुणी बाबा, वैद्य, किंवा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला डॉक्टरसुद्धा, तुमच्यापुढे बरी झालेली माणसं उभी करील, तर त्यांना नमस्कार जरूर करा, त्यांच्या सुखात सुख माना. आणि मग एवढंच विचारा, की सुरुवात किती जणांनी केली होती, आणि बाकीचे कुठं आहेत. याला शिक्षण लागत नाही. हा प्रश्न प्रत्येक धनगर रोज संध्याकाळी कळप आत घेताना विचारतो.

मंगळवारी बातिमाची शस्त्रक्रिया झाली. सहा तास लागले. महिनाभर ती नळीनं जेवली, आणखी दोन महिने चिडचिड करत पातळ रस्सा प्यायली, आणि मार्चात, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, तिनं मांसाचा सुपारीएवढा तुकडा चावून चावून गिळला. चहा ती अजून उकळताच ओतते, फक्त स्वतःचा वाडगा खिडकीत ठेवते आणि आल्यागेल्याला सांगते, की डॉक्टरांचा हुकूम आहे, माझा दोष नाही.

लोखंडाचं पथ्य अतानं काढून टाकलं. त्याला स्वप्नात खापरपणजीचा दुसरा निरोप आला म्हणतात. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. मे महिन्यात घोड्यांची पहिली धार निघाली तेव्हा त्यानं सगळ्या गावाला आवतण धाडलं. बातिमाही गेली, कारण आवतण नाकारत नाहीत. तिच्या हातात वाडगा आला, तोही तिनं घेतला, कारण वाडगाही नाकारत नाहीत. तिनं घोट घेतला मात्र, आणि प्रोफेसर झुमाकान तिच्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, “आणि ही आमची यंदाची पहिली!”

“मी गाठ बांधली नव्हती,” बातिमा म्हणाली.

“मनात बांधली असेल,” अता म्हणाला.

“मनात मी तुला दोन शिव्या बांधल्या होत्या. त्या सोडू का?”

लोक हसले, आणि अताही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बातिमानं वाडगा रिकामा करून परत दिला. दूध चांगलं होतं, असं तिनं घरी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. जरा आंबूस, पोटाला हलकं.

त्या मे महिन्यात गाठ सोडून दूध प्यायला एकोणीस रोगी आले. त्यातला एकही हिवाळ्यात मेलेला नव्हता.